रोग, स्वभाव आणि नवा कर्मविपाक

१

वाशीम जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी मानसशास्त्र शिकवतो. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. दरवर्षी अभ्यासक्रमात ‘व्यक्तिमत्त्व आणि आरोग्य’ हे प्रकरण येते आणि दरवर्षी मी फळ्यावर तीन रकाने आखतो. पहिला ‘टाईप ए’ : सतत घाईत असणारा, चढाओढ करणारा, चटकन संतापणारा माणूस. त्याला हृदयविकाराचा धोका अधिक. दुसरा ‘टाईप बी’ : शांत, सबुरीचा माणूस. त्याला धोका कमी. तिसरा ‘टाईप सी’ : राग गिळणारा, दुसऱ्याचे मन राखणारा, निमूट सोसणारा माणूस. त्याला कर्करोगाचा धोका अधिक. विद्यार्थी रकाने उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात, गुण मिळवतात आणि विसरतात.

दोन वर्षांपूर्वी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, माझी माय कोणत्या टाईपात बसते?” तिची माय पहाटे चारला उठते, घरचे सगळे करून दुसऱ्याच्या वावरात निंदायला जाते. घाई तिला रोजचीच. राग आला तर गिळते, कारण बोलले तर उद्याची मजुरी जाते. त्या उन्हाळ्यात तिच्या डाव्या अंगाला लकवा मारला होता. बीपी कधीपासून वाढलेले होते कोण जाणे, कारण ते कोणी कधी मोजलेच नव्हते. दवाखान्यात तिला सांगण्यात आले, ‘टेन्शन घेत जाऊ नका.’ मुलगी विचारीत होती, “घाई करते म्हणून माय ‘ए’, की सोसते म्हणून ‘सी’? आणि तिचा टाईप दुसरा असता तर लकवा टळला असता काय?”

वर्ग हसला. मला हसता आले नाही. कारण हीच चूक मी स्वतः एकदा फार जवळच्या माणसाच्या बाबतीत केली होती.

माझे वडील बाजारात हमाली करीत. क्विंटलची पोती पाठीवर घेऊन ट्रक भरणे आणि रिकामे करणे हे त्यांचे तीस वर्षांचे आयुष्य. खिशात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी कायम. मी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला असताना त्यांच्या गालाच्या आत आलेला पांढरा चट्टा गाठ होऊन बसला. अकोला झाले, नागपूर झाले. नातेवाईक म्हणत, “लई मनात ठेवत होता, म्हणून गाठ झाली.” मी तर नुकताच ‘टाईप सी’ शिकलो होतो. नातेवाइकांच्या समजुतीला विज्ञानाची मोहर मिळाली असे मला वाटले. एका रात्री त्यांच्या खाटेशी बसून मी म्हणालो, “बाबा, तुम्ही सगळं मनात ठेवलं, म्हणून हे झालं.” त्यांना नीट बोलता येत नव्हते. बऱ्याच वेळाने म्हणाले, “मनात नाही ठेवू तं कुठी ठेवू, बाबू?”

काही महिन्यांनी ते गेले. त्यांच्या हमालीवर शिकलेल्या मुलाने त्यांच्या मरणाचा दोष त्यांच्याच पदरात टाकला होता. मी त्यांना जे सांगितले ते खरे तरी होते काय, याचा शोध मी त्यानंतर बराच काळ घेतला. त्या शोधात जे हाती आले ते कार्यकर्त्यांसमोर आणि माझ्या शिक्षक बांधवांसमोर ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

२

रोगाचे मूळ रोग्याच्या ठायी शोधण्याची खोड आपल्या देशाला नवी नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात तिची यादीच दिलेली आहे. सोने चोरणाऱ्याची नखे विद्रूप होतात, दारू पिणाऱ्याचे दात काळे पडतात, ब्राह्मणाची हत्या करणाऱ्याला क्षय होतो, गुरुपत्नीशी गमन करणाऱ्याला त्वचारोग जडतो. ही पापे या जन्मीची असोत की मागल्या जन्मीची, त्यांची खूण शरीरावर उमटते, असा हा कर्मविपाकाचा सिद्धान्त. त्याचा व्यवहारातील अर्थ सरळ आहे. जो आजारी पडला तो पापी, म्हणून त्याच्या आजाराची जबाबदारी दुसऱ्या कोणावर नाही. ज्या तर्काने कुष्ठरोगी गावाबाहेर गेला, त्याच तर्काने एक अख्खा समाज गावाबाहेर ठेवला गेला. जन्म हीन, कारण पूर्वकर्म हीन. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला त्या ग्रंथाची होळी झाली, तेव्हा हा तर्कही त्या आगीत टाकला गेला होता असे मी मानतो.

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सेनने १८७३ मध्ये पाहिला. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जगापुढे मांडला. जंतू कोणाची पापपुण्याची वही तपासत नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले आणि १० मार्चला त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. त्यांच्या करुणामय स्वभावाने त्यांना वाचवले नाही.

ही गोष्ट बुद्धाने आपल्याला फार आधी सांगितली आहे. संयुत्तनिकायात मोलियसीवक नावाचा परिव्राजक विचारतो की, माणसाला होणारे सारे सुखदुःख पूर्वकर्मानेच होते असे काही लोक म्हणतात, ते बरोबर काय? बुद्ध ते मान्य करीत नाही. पित्त, कफ, वात, त्यांचा संयोग, ऋतूंचा बदल, शरीराची हेळसांड, बाहेरून झालेला आघात अशी कारणे तो एकेक करून मोजतो. कर्म हे त्या यादीतील अनेकांपैकी एक ठरते. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त स्वतंत्रपणे तपासून नाकारला आहे.

त्यांच्या स्वतःच्या घरातील दुःख सर्वांना ठाऊक आहे. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही त्यांची चार लेकरे लहानपणीच गेली. स्वभाव घडण्याआधीच गेलेल्या या लेकरांना ‘ए’, ‘बी’, ‘सी’ यांपैकी कोणत्या रकान्यात बसवणार?

३

आता माझ्या फळ्यावरच्या रकान्यांकडे येऊ. ते आले कोठून?

‘टाईप ए’ची कल्पना सॅन फ्रान्सिस्कोच्या मेयर फ्रीडमन आणि रे रोझेनमन या दोन हृदयरोगतज्ज्ञांनी १९५९ मध्ये मांडली. त्यांच्या दवाखान्यातील खुर्च्या दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या लक्षात आले होते की या खुर्च्या पुढच्या कडेलाच झिजतात. म्हणजे इथे येणारे रोगी खुर्चीच्या टोकावर उतावीळपणे बसतात, अशी ही प्रसिद्ध हकिगत. १९६०-६१ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियातील कंपन्यांत नोकरी करणाऱ्या ३,१५४ पुरुषांची पाहणी सुरू केली. साडेआठ वर्षांनी निष्कर्ष आला की ‘टाईप ए’ माणसांना हृदयविकार सुमारे दुप्पट होतो. ही कल्पना जगभर पसरली आणि पाठ्यपुस्तकांत जाऊन बसली. आमच्या हाती ती तिथूनच आली.

पुढे काय झाले ते मात्र आमच्या पाठ्यपुस्तकाने सांगितले नाही. १९८५ मध्ये अमेरिकेतील एका दुसऱ्या मोठ्या पाहणीत ‘टाईप ए’ आणि हृदयविकार यांचा संबंध आढळला नाही. १९८८ मध्ये त्या मूळ पाहणीतीलच हृदयरोग झालेल्या पुरुषांचा पुढचा हिशोब प्रसिद्ध झाला. रोग झाल्यानंतर ‘टाईप ए’ माणसे ‘टाईप बी’पेक्षा कमी प्रमाणात मेली होती. सिद्धान्त असा डळमळीत होत असतानाही तो बाजारात टिकून राहिला. १९९८ मध्ये अमेरिकेतील राज्ये आणि सिगारेट कंपन्या यांच्यात न्यायालयीन तडजोड झाली आणि कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रे खुली झाली. तेव्हा फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने या संशोधनाला वर्षानुवर्षे पैसा पुरवल्याचे पुढे आले. कंपनीचा हिशोब समजायला अवघड नाही. हृदयविकार स्वभावाने होतो असे लोकांना पटले, तर सिगारेट सुटते.

कर्करोगाची गोष्ट याहून गंभीर आहे. लंडनचे हान्स आयझेंक हे विसाव्या शतकातील फार मोठे नाव. मानसशास्त्राचा एकही विद्यार्थी त्यांच्यावाचून पुढे सरकत नाही. त्यांनी १९६५ मध्येच धूम्रपान, आरोग्य आणि व्यक्तिमत्त्व यांवर पुस्तक लिहून सिगारेटने कर्करोग होतो या निष्कर्षावर शंका घेतली होती. पुढे ग्रोसार्थ-मातिचेक या सहकाऱ्याबरोबर युगोस्लाव्हिया आणि जर्मनीतील पाहण्यांच्या आधारे त्यांनी निबंधांमागून निबंध प्रसिद्ध केले. त्यांचा दावा असा की, भावना दाबून ठेवणारे ‘कर्करोगप्रवण’ व्यक्तिमत्त्व असलेला माणूस निरोगी व्यक्तिमत्त्वाच्या माणसापेक्षा शंभर पटींहूनही अधिक प्रमाणात कर्करोगाने मरतो. शिवाय बोलून, समजावून हा धोका टाळता येतो. या कामालाही तंबाखू कंपन्यांचा पैसा होता. आयझेंक १९९७ मध्ये वारले. २०१९ मध्ये अँथनी पेलोसी या मनोविकारतज्ज्ञाने हे सारे प्रकरण पुन्हा चव्हाट्यावर आणले आणि त्याच वर्षी लंडनच्या किंग्ज कॉलेजने केलेल्या चौकशीत अशा २६ निबंधांवर विश्वास ठेवता येणार नाही असा निर्णय झाला.

याच आयझेंकने १९७१ मध्ये वंश आणि बुद्धिमत्ता यांवर पुस्तक लिहिले होते. अमेरिकेतील काळ्या लोकांचा बुद्ध्यंक कमी येतो त्यामागे आनुवंशिकतेचा मोठा वाटा आहे, अशी त्याची मांडणी होती. एकीकडे काळ्यांचे मागासलेपण त्यांच्या रक्तात, दुसरीकडे रोग्याचा रोग त्याच्या स्वभावात. दोन्हीकडे दोषी माणूस, आणि दोन्हीकडे परिस्थितीची सुटका. मला यात मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायाचीच नवी आवृत्ती दिसते. फरक इतकाच की, तिथे पूर्वजन्म होता आणि इथे व्यक्तिमत्त्व आहे.

२०१० मध्ये स्वीडन आणि फिनलंडमधील ५९,५४८ लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. या लोकांचा कमाल तीस वर्षांपर्यंत पाठपुरावा झाला होता. त्यांचे व्यक्तिमत्त्व मोजायला वापरलेली प्रश्नावली आयझेंक यांचीच होती. स्वभावाचा कर्करोग होण्याशी संबंध निघाला नाही, आणि कर्करोग झाल्यावर जगण्या-मरण्याशीही निघाला नाही.

माझ्या वडिलांना मी जे सांगितले ते खोटे होते. हे वाक्य लिहायला मला बारा वर्षे लागली.

४

मग मनाचा आणि शरीराचा काहीच संबंध नाही काय? आहे. तो नाकारणे हीही अंधश्रद्धाच होईल. भीती किंवा संताप आला की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी अॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल रक्तात सोडतात. नाडी धावते, रक्तदाब चढतो, रक्तातील साखर वाढते. समोर वाघ असेल तर पळण्यासाठी हे उपयोगी आहे. पण वाघ रोजच दारात बसला असेल, तर हीच यंत्रणा रक्तवाहिन्या झिजवते. २००४ मध्ये ५२ देशांतील हृदयरोग्यांची पाहणी झाली. तिने धोक्याची जी नऊ मुख्य कारणे काढली त्यांत धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह यांच्या जोडीला मानसिक-सामाजिक ताणही आहे. दीर्घ उदासीनतेने आणि सततच्या वैरभावाने हृदयाचा धोका वाढतो, हेही पुष्कळ पाहण्यांत दिसले आहे. नेटकेपणाने वागणारी माणसे सरासरीने अधिक जगतात, पण त्यामागे काही अंशी त्यांचे व्यसन टाळणे आणि वेळेवर औषध घेणे असते.

तेव्हा खरा प्रश्न असा विचारला पाहिजे : हा वाघ कोणाच्या दारात अधिक बसतो?

त्याचे उत्तर इंग्लंडमधील सरकारी कचेऱ्यांतून मिळाले. १९६७ पासून लंडनच्या व्हाइटहॉलमधील सुमारे १८ हजार पुरुष कर्मचाऱ्यांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे मांडले. त्या काळचा समज असा की, हृदयविकार हा साहेबांचा रोग, कारण ‘टाईप ए’ साहेबच असतात. निष्कर्ष नेमका उलटा निघाला. निरोप्या, दरवान अशा सर्वांत खालच्या श्रेणीतील माणसे सर्वांत वरच्या श्रेणीच्या तुलनेत सुमारे साडेतीन पट प्रमाणात हृदयविकाराने मरत होती. हे केवळ साहेब आणि शिपाई यांच्यातले अंतर नव्हते. शिडीच्या प्रत्येक पायरीवर, वरच्यापेक्षा खालच्याचे मरण अधिक होते. विडी-सिगारेट, रक्तदाब वगैरे सारे हिशोबात धरूनही बराचसा फरक उरलाच. १९८५ मध्ये स्त्रियांनाही घेऊन १०,३०८ कर्मचाऱ्यांची दुसरी पाहणी सुरू झाली. तिच्यातून एक महत्त्वाचे कारण पुढे आले. ज्यांच्या हाती आपल्या कामाचा ताबा नाही, कधी करावे, कसे करावे, कधी थांबावे हे ज्यांना ठरवता येत नाही, त्यांना हृदयविकार अधिक होतो.

ही माणसे उपाशी नव्हती. त्यांना महिन्याचा पगार होता, निवृत्तिवेतन होते आणि दवाखाना मोफत होता. तरीही खालच्या पायरीवर उभे राहणे त्यांच्या हृदयाला सोसले नाही. आता आमचा हमाल बघा. ट्रक कधी येणार हे त्याला माहीत नाही. शेतात निंदणाऱ्या बाईला पाऊस लागला तर त्या दिवसाची मजुरी नाही. कंत्राटी सफाई कामगाराचा महिना कधी निघेल ते ठेकेदार ठरवतो. आणि या साऱ्यांवर जातीचा रोजचा अपमान, जो इंग्लंडच्या शिपायाच्या वाट्याला नव्हता. सोयाबीन आणि कापसाच्या भावावर जगणारा हा जिल्हा १ जुलै २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधील सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांपैकी एक होता, आणि २०१८ मध्ये तो आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. इथे ‘टेन्शन घेऊ नका’ असे सांगणे म्हणजे पोते पाठीवर ठेवून ‘वाकू नका’ असे सांगणे आहे.

५

‘स्वभाव’ या शब्दाची सद्दी संपत आली तसा ‘जीवनशैली’ हा शब्द पुढे आला. तो अधिक खरा आहे, म्हणून अधिक जपून वापरला पाहिजे.

माझे वडील तंबाखूने गेले, हे मी कोठेही झाकत नाही. तंबाखूतील नायट्रोसामाइन या द्रव्यांनी कर्करोग होतो. चुन्याने तंबाखूतील निकोटिन झपाट्याने रक्तात उतरते, म्हणून ती चढते आणि सुटत नाही. आमच्या विदर्भातला खर्रा त्यात सुपारीची भर घालतो. सुपारी स्वतःच कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने जाहीर केले आहे. तिने गालाच्या आतले अस्तर आखडते, तोंड उघडेनासे होते, तिखट सोसत नाही. २०१६-१७ च्या पाहणीप्रमाणे महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक तंबाखू घेतात आणि त्यांतील फार मोठा भाग ती चघळतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. पण खर्रा पानठेल्यावर आपल्यासमोर घोटून मिळतो.

मात्र वडिलांनी तंबाखू का धरली? मी त्यांना कधी विचारले नाही. पण त्यांच्या सोबतच्या हमालांना विचारले तेव्हा प्रत्येकाने एकच सांगितले : भूक मरते आणि अंगात झटका येतो. सकाळी चहा पिऊन निघालेला माणूस दुपारी दोनपर्यंत पोती उचलतो, तेव्हा तंबाखू ही त्याची न्याहारी असते. ज्याला न्याहारी मिळते त्याची तंबाखू ही सवय, ज्याला मिळत नाही त्याची ती अडचण. दोघांचा रोग एकच, पण दोघांना एकच उपदेश करून चालणार नाही.

मधुमेहाचेही तेच. आमच्या वस्तीत ‘शुगर’ म्हणजे शेठजीचा रोग असा समज होता. आता बारीक अंगाच्या, राबणाऱ्या माणसांनाही तो होतो आणि लोक चकित होतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती आणि त्यांची मुले यांचा अभ्यास केला. तिथल्या बाळाचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळाचे ३.५ किलो. आपल्या बाळाचे स्नायू आणि आतले अवयव कमी वाढलेले, चरबी मात्र त्या मानाने राखलेली. बाहेरून किडकिडीत, आतून चरबीचे असे हे शरीर आहे. पोटात असतानाच टंचाईची सवय झालेल्या अशा शरीराला पुढे जरा पोटभर मिळाले की साखर झेपेनाशी होते. म्हणजे ज्याला आपण त्या माणसाची जीवनशैली म्हणतो, तिचा काही भाग तो जन्मण्याआधी त्याच्या आईच्या ताटात ठरलेला असतो. तिच्या पोटी मुलगी आली तर तोच वारसा आणखी पुढे जातो.

६

काही वेळा उलटेही घडते. रोगालाच स्वभाव समजले जाते.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. हुशार, पण महिन्यातून चार-पाच दिवस गैरहजर. थंडीत अधिक. हातपाय दुखतात म्हणायचा. शाळेत त्याला आळशी म्हणत, घरी कामचुकार म्हणत, आणि मीही एकदा त्याला नाटकी म्हटले. पुढे तपासणीत सिकलसेल निघाला. रक्ताला लाल रंग देणाऱ्या हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदललेले असते, एवढाच तो दोष. ऑक्सिजन कमी पडला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. विदर्भात हा दोष १९५८ मध्येच नागपूरच्या डॉक्टरांनी नोंदवला. आदिवासींत आणि आपल्या बौद्ध वस्त्यांत त्याचे प्रमाण बरेच आहे. तो पापाचाही नाही आणि हीनपणाचाही नाही. एकाच पालकाकडून तो दोष आला तर माणूस फक्त वाहक होतो, आणि वाहकाला हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते. म्हणून हिवतापाच्या मुलखात राहिलेल्या लोकांत तो टिकला. दोन्ही पालकांकडून आला की रोग होतो. किती लेकरांवर ‘आळशी’ हा शिक्का बसून ती शाळेबाहेर गेली असतील? जातीला चिकटवलेला ‘आळशी’ हा शब्द काही घरांत रोगाचे नाव होता.

बायांच्या बाबतीत शिक्का ‘चारित्र्या’चा बसतो. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झाला की कुजबुज सुरू होते. हा रोग एका विषाणूने होतो आणि तो विषाणू नवऱ्याकडूनही येतो. हे सिद्ध करणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळाले. उस्मानाबाद जिल्ह्यातील १ लाख ३१ हजारांवर स्त्रियांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की, या विषाणूची एकदाच तपासणी करून वेळीच उपचार केले तरी मृत्यू बरेच घटतात. बायांचे प्राण तपासणीने वाचले. चारित्र्याच्या चौकशीचा त्यात काही भाग नव्हता.

७

इतके म्हटल्यावर कोणी विचारील की, मग माणसाने स्वतः काही करायचेच नाही काय? सारा दोष व्यवस्थेचा, तर आम्ही खर्रा खात बसावे काय?

तसे मुळीच नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलात पाचवे शील आहे. ज्या माणसाने व्यवस्थेवर इतका कठोर हल्ला केला, त्यानेच आपल्या माणसांकडून शीलाचीही अपेक्षा केली. या दोन गोष्टींत त्यांना विरोध दिसला नाही. आपल्यालाही दिसू नये. मात्र शील आणि दोषारोप यांत फरक आहे. शील माणसाने स्वतः स्वीकारायचे असते, दोषारोप दुसऱ्याने लादलेला असतो. व्यसन सोडायला मदत करणारा हात वेगळा आणि व्यसनी म्हणून दाखवणारे बोट वेगळे.

म्हणून कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. भीमजयंतीला आणि धम्मचक्र प्रवर्तनदिनी व्याख्यानाच्या आधी तासभर वस्तीत तपासणी ठेवा. तोंड आरशासमोर उघडून पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम बघायला शिकवा. तिशीवरील प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर बघणे हे आरोग्य केंद्राचे कामच आहे, ते मागून घ्या. लग्न जुळवताना कुंडली टाकून दिलीत, आता सिकलसेलची तपासणी करा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कोणते उपचार बसतात याची माहिती एकाने तरी ठेवा. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. तिथे आपल्या माणसाला काय मिळते यावर लक्ष ठेवा. आणि हमालांच्या न्याहारीचा, मजुरीचा, कामाच्या तासांचा प्रश्न हाही आरोग्याचाच प्रश्न आहे हे निवेदनात लिहा.

शिक्षकांना एवढेच सांगायचे आहे की, पाठ्यपुस्तकातील रकाने तपासल्यावाचून फळ्यावर आखू नका. मी अजूनही ‘टाईप ए’ शिकवतो, पण आता त्यापुढे १९८८ शिकवतो, तंबाखू कंपन्यांचा पैसा शिकवतो आणि व्हाइटहॉल शिकवतो. परीक्षेत याला गुण नाहीत. तरी मुले लिहून घेतात.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मी तिला दुसऱ्या दिवशी दिले. म्हणालो, “बाई, तुझी माय कोणत्याच टाईपात बसत नाही. तिचं बीपी कोणी मोजलं नाही, एवढंच तिच्या लकव्याचं कारण मला सांगता येतं.” ती म्हणाली, “मग सर, माझं मोजून घ्या.” त्या आठवड्यात आम्ही उपकेंद्रातल्या सिस्टरना कॉलेजात बोलावले. मुलांचे झाले, शिपायांचे झाले, माझेही झाले. माझे बीपी वाढलेले निघाले. औषध सुरू आहे.